‘प्रेझेंटली’ : एका इंग्रजी क्रियाविशेषणाचा अर्थप्रवास

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• ‘प्रेझेंटली’ या इंग्रजी कालवाचक क्रियाविशेषणाचे तीन अर्थ आणि त्यांचा ऐतिहासिक क्रम सांगता येईल.
• ‘तत्क्षणी’ या अर्थाचे शब्द ‘थोड्या वेळाने’ या अर्थाकडे का सरकतात, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• जुन्या अर्थाच्या आधारे एखादा प्रयोग शुद्ध किंवा अशुद्ध ठरवण्याच्या पद्धतीची मर्यादा ओळखता येईल.
• मराठीतील कालवाचक क्रियाविशेषणांकडे याच दृष्टीने पाहता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, अर्थपरिवर्तन म्हणजे काय आणि त्याचे ढोबळ प्रकार कोणते, याचा परिचय तुम्हाला आधीच्या घटकांत झाला आहे. अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थापकर्ष अशा संज्ञा एकेका उदाहरणाने समजावून घेणे सोपे असते. परंतु एकच शब्द पाच-सहा शतके आपल्या डोळ्यांसमोरून जाऊ दिला, तर अर्थ बदलतो म्हणजे नेमके काय घडते, हे अधिक स्पष्ट दिसते. या घटकात आपण अशाच एका शब्दाचा मागोवा घेणार आहोत. पुढील दोन वाक्ये पाहा.

(अ) आय अ‍ॅम प्रेझेंटली वर्किंग इन अ बँक.
(आ) द डॉक्टर विल सी यू प्रेझेंटली.

पहिल्या वाक्यात ‘प्रेझेंटली’ म्हणजे ‘सध्या’. दुसऱ्या वाक्यात त्याचा अर्थ ‘थोड्याच वेळात’ असा आहे. आणि इ.स. १६११ च्या सुमाराचे एखादे इंग्रजी पुस्तक तुम्ही उघडले, तर हाच शब्द तेथे बहुधा ‘तत्क्षणी’ या अर्थाने भेटेल. चालू काळ, हा क्षण आणि येणारा काळ या तिन्हींकडे एकच शब्द बोट कसे दाखवू शकतो?

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकत आहात. नोकरीच्या अर्जात वाक्य (अ) सारखे वाक्य तुम्ही कधी ना कधी लिहिले असेल. त्यावर कोणी लाल रेघ ओढून ‘प्रेझेंटली म्हणजे लवकरच, येथे हा शब्द चूक आहे’ असा शेराही दिला असेल. तो शेरा बरोबर होता का? घटकाच्या अखेरीस या प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतः, पुराव्यानिशी देऊ शकाल अशी अपेक्षा आहे.

मराठीच्या अभ्यासक्रमात इंग्रजी शब्द कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. इंग्रजीतील लिखित पुरावा दीर्घकालीन आहे, बराचसा कालनिश्चित आहे आणि कोशकारांनी तो शब्दागणिक मांडून ठेवला आहे. त्यामुळे अर्थपरिवर्तनाची प्रक्रिया तेथे टप्प्याटप्प्याने तपासता येते. ती नीट कळली की आपल्या भाषेतील तसेच बदल ओळखण्याची दृष्टी येते.

२. शब्दाची घडण

लॅटिनमध्ये ‘प्राए’ म्हणजे पुढे, समोर आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. या दोहोंपासून ‘समोर असलेला, हजर’ या अर्थाचे विशेषण तयार झाले. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आले, तोच ‘प्रेझेंट’ हा शब्द. वर्गात हजेरी देताना आपण ‘प्रेझेंट’ म्हणतो, तेव्हा त्याचा मूळचा स्थलवाचक अर्थ जागा असतो. ‘प्रेझेंट टेन्स’ म्हणजे वर्तमानकाळ असे म्हणतो, तेव्हा तोच अर्थ काळाच्या क्षेत्रात गेलेला असतो. जे डोळ्यांसमोर आहे ते ‘या वेळी’ आहे, अशी ही कल्पना आहे. स्थलवाचक शब्दांनी काळ व्यक्त करणे ही मानवी भाषांतील अत्यंत परिचित गोष्ट आहे. मराठीतील ‘पुढे’ आणि ‘मागे’ हे शब्दही स्थळ आणि काळ या दोन्ही अर्थांनी चालतात.

या फ्रेंच-लॅटिन शब्दाला इंग्रजीने आपला देशी ‘-ली’ प्रत्यय जोडला. हा प्रत्यय प्राचीन इंग्रजीतील ‘शरीर, रूप’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. म्हणजे घडणीच्या दृष्टीने ‘प्रेझेंटली’ हा संकरित शब्द आहे. आपल्याकडे फारसी ‘बे’ आणि संस्कृतोद्भव ‘सावध’ मिळून ‘बेसावध’ होतो, त्याच जातीचा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजी लेखनात दिसू लागतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘प्रेझेंट’ आणि ‘प्रेझेंटली’ यांचे नाते आजच्या सामान्य वाचकालाही उघड दिसते. या पारदर्शकतेचे महत्त्व पुढे, भाग ७ मध्ये कळेल.

३. पहिले दोन अर्थ : ‘या वेळी’ आणि ‘तत्क्षणी’

पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शब्दाचे दोन अर्थ रूढ झालेले दिसतात. पहिला अर्थ ‘या वेळी, सध्या’. घडणीवरून अपेक्षित असलेला हाच अर्थ आहे. दुसरा अर्थ ‘तत्क्षणी, विलंब न लावता’. एका अर्थावरून दुसरा कसा निघाला, हे समजणे कठीण नाही. ‘तो आत्ता घरी आहे’ या वाक्यात ‘आत्ता’ हा शब्द स्थितीचा काळ सांगतो. ‘आत्ता जा’ या वाक्यात तोच शब्द क्रियेची निकड सांगतो. क्रिया करण्याचा काळ ‘हाच क्षण’ असेल, तर विलंबाला जागा उरत नाही. क्रियापद स्थितिवाचक आहे की कृतिवाचक, यावर अर्थाची छटा ठरते.

सोळाव्या शतकात आणि सतराव्याच्या आरंभी ‘तत्क्षणी’ हा अर्थ जोमात होता. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकात, चौथ्या अंकात, प्रॉस्पेरो आपल्या आज्ञेतील एरिअलला एक काम सांगतो. एरिअल एका शब्दात विचारतो, ‘प्रेझेंटली?’ त्यावर प्रॉस्पेरोच्या उत्तराचा आशय असा, की होय, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. नाटककाराने स्वतःच अर्थाचा खुलासा करून ठेवल्यामुळे हा पुरावा निःसंदिग्ध आहे. आजच्या अर्थाने वाचणाऱ्याला मात्र वाटेल, की एरिअल ‘थोड्या वेळाने करू ना?’ असे विचारत आहे. मग प्रॉस्पेरोचे उत्तर आणि एरिअलची तत्परता, दोन्ही विसंगत भासतील.

याच काळातील दुसरा पुरावा इ.स. १६११ च्या किंग जेम्स बायबलमधील आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात अंजिराच्या एका निष्फळ झाडाचा प्रसंग आहे. येशूने शब्द उच्चारताच ते झाड वाळून गेले, असे तेथे सांगितले आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘पाराख्रेमा’ म्हणजे ‘तत्क्षणी’ हा शब्द आहे आणि त्यासाठी १६११ च्या भाषांतरकारांनी ‘प्रेझेंटली’ योजला. झाड इतक्या लवकर वाळले कसे, याचे शिष्यांना आश्चर्य वाटल्याचे पुढच्याच वाक्यात येते. ‘प्रेझेंटली’ म्हणजे ‘कालांतराने’ असे समजून वाचले, तर त्या आश्चर्याला काही कारणच उरत नाही. इ.स. १८८१ मध्ये नव्या कराराची सुधारित इंग्रजी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्या संपादकांनी येथे ‘प्रेझेंटली’ काढून ‘इमीजिएटली’ हा शब्द घातला. मधल्या २७० वर्षांत मूळ ग्रीक संहितेतील त्या शब्दाचा अर्थ तोच राहिला होता. बदलले होते ते इंग्रजी वाचकाचे कान.

४. ‘तत्क्षणी’कडून ‘थोड्या वेळाने’कडे

सोळाव्या शतकापासूनच ‘प्रेझेंटली’ हळूहळू सैल होऊ लागला होता. ‘तत्क्षणी’ या अर्थातील तातडी उतरत गेली आणि ‘लवकरच, थोड्या वेळाने’ हा अर्थ पुढे आला. सतराव्या शतकात तो बळावला. हा बदल एखाद्या वर्षी अमुक तारखेला झाला, असे म्हणता येत नाही. जुना आणि नवा अर्थ पिढ्यान् पिढ्या शेजारी शेजारी नांदले. त्या काळातील अनेक वाक्ये अशी आहेत, की दोन्ही अर्थ घेतले तरी चालतात. अशी संदिग्ध वाक्ये म्हणजेच अर्थपरिवर्तनाचा पूल असतो. वक्ता ‘लगेच’ म्हणतो, श्रोता ‘जरा वेळाने’ समजतो आणि व्यवहार न अडता चालू राहतो.

सॅम्युएल जॉन्सन यांच्या इ.स. १७५५ च्या प्रसिद्ध कोशात या स्थितीचे चित्र सापडते. ‘प्रेझेंटली’चा पहिला अर्थ त्यांनी ‘या वेळी, आत्ता’ असा दिला. दुसरा अर्थ देताना ‘तत्क्षणी’ आणि ‘लवकरच नंतर’ हे दोन्ही त्यांनी एकाच क्रमांकाखाली ठेवले. ज्या दोन अर्थांना आज आपण स्वतंत्र मानतो, ते या थोर कोशकाराने एकाच नोंदीत बांधले, यावरून त्यांच्यातील सीमारेषा किती पुसट होती, हे ध्यानात येते. पुढे एकोणिसाव्या शतकातील कथा-कादंबऱ्यांत ‘प्रेझेंटली’ सर्रास ‘थोड्या वेळाने’ या अर्थाने येतो. पात्र खोलीत बसलेले असते, काही क्षण जातात आणि ‘प्रेझेंटली’ दार वाजते. आजच्या इंग्रजी कोशांत ‘तत्क्षणी’ हा अर्थ कालबाह्य म्हणून नोंदलेला असतो.

५. त्याच वाटेचे इतर प्रवासी

एका शब्दाच्या बाबतीत असे घडले, तर त्याला योगायोग म्हणता येईल. पण इंग्रजीत हीच वाट अनेक शब्दांनी तुडवली आहे.

सून : आज या शब्दाचा अर्थ ‘लवकरच’ असा आहे. प्राचीन इंग्रजीत ‘सोना’ या रूपाचा अर्थ ‘तत्क्षणी’ असा होता. ही तातडी मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात उतरली.

अनॉन : प्राचीन इंग्रजीतील ‘ऑन आन’ म्हणजे ‘एकात’, म्हणजेच ‘एका दमात, तडक’. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’ नाटकाच्या पहिल्या भागात मद्यगृहातील फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. त्याला एकीकडून गिऱ्हाईक हाक मारते आणि दुसरीकडून राजपुत्र बोलण्यात गुंतवतो. तो बिचारा प्रत्येक हाकेला ‘अनॉन’ म्हणतो आणि जागचा हलत नाही. इ.स. १५९८ मध्ये छापल्या गेलेल्या या नाटकातील तो विनोदी प्रसंग म्हणजे अर्थपरिवर्तनाचे जणू प्रात्यक्षिकच आहे. ‘तत्क्षणी’चे वचन देणारा शब्द ‘कधीतरी’पर्यंत कसा पोहोचतो, हे त्यात दिसते.

बाय अँड बाय : हा शब्दप्रयोग आधी ‘एकापाठोपाठ एक’ अशा अर्थाने आला, मग ‘तत्क्षणी’ झाला आणि शेवटी ‘हळूहळू, यथावकाश’ असा. मार्कच्या शुभवर्तमानात हेरोद राजापुढे नाचलेली मुलगी घाईघाईने परत येते आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर मागते. १६११ च्या भाषांतरात ती ते ‘बाय अँड बाय’ मागते. ग्रीक शब्दाचा अर्थ ‘या क्षणी’ असा आहे. राजाला विचार बदलायला अवधी मिळू नये, हाच त्या मागणीतील क्रूरपणा आहे. आजच्या अर्थाने वाचल्यास ती मुलगी ‘सवडीने द्या’ म्हणत आहे, असे होईल आणि प्रसंगाचा सारा ताण नाहीसा होईल. १८८१ च्या आवृत्तीत हाही शब्द बदलावा लागला.

डिरेक्टली : ‘सरळ रेषेत’ या अर्थावरून ‘तडक’ हा अर्थ आला. त्यातूनही काही बोलींत ‘थोड्या वेळाने’ असा अर्थ निघाला. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील कॉर्नवॉलमध्ये ‘ड्रेकली’ असा त्याचा उच्चार करतात. तेथे या शब्दाचा अर्थ ‘होईल केव्हातरी, घाई काय आहे’ असा घेतला जातो आणि कॉर्नवॉलचे लोक त्यावरून स्वतःचीच थट्टा करतात.

इंग्रजीच्या दूरच्या शाखांतही हे चालू आहे. दक्षिण आफ्रिकेतील इंग्रजीत ‘जस्ट नाऊ’ म्हणजे ‘जरा वेळाने’. हाच शब्दसमूह इतरत्र ‘आत्ताच, क्षणापूर्वी’ या अर्थाने चालतो. पाहुण्याचा तेथे गोंधळ झाला नाही तरच नवल.

६. असे का घडते?

अर्थविज्ञान या शाखेला तिचे आधुनिक नाव देणारे फ्रेंच भाषाभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी इ.स. १८९७ च्या आपल्या ग्रंथात एक महत्त्वाची भूमिका मांडली. शब्द स्वतःहून बदलत नाहीत, माणसे त्यांचा उपयोग करतात आणि त्या उपयोगातून अर्थ बदलतो, असे तिचे सार सांगता येईल. आपल्या प्रश्नाला ही भूमिका तंतोतंत लागू पडते. त्यामागील कारणे अशी मांडता येतील.

पहिले कारण सामाजिक आहे. ‘तत्क्षणी करतो’ हे वचन आहे. वचन देताना माणूस तत्परता दाखवतो, कारण ते सौजन्याचे लक्षण मानले जाते. प्रत्यक्ष कामाला मात्र वेळ लागतो. ज्याला हजार वेळा ‘तत्क्षणी’ ऐकून प्रत्येक वेळी थांबावे लागले आहे, तो श्रोता शब्दाचा अर्थ कोशावरून ठरवत नाही. तो अनुभवावरून ठरवतो.

दुसरे कारण भाषिक आहे. पुढची पिढी शब्द शिकते ती प्रत्यक्ष प्रसंगांतून. ‘प्रेझेंटली येतो’ असे सांगून दहा मिनिटांनी येणारा माणूस पाहत जी मुले मोठी झाली, त्यांच्या दृष्टीने शब्दाचा अर्थ ‘दहा मिनिटांनी’ असाच असतो. त्यांच्यासाठी येथे काही बदललेलेच नसते.

तिसरी बाब परिणामाची आहे. जुना शब्द सैल झाला, की खऱ्या तातडीसाठी भाषेला नवा शब्द लागतो. ‘सोना’ सैल झाला तेव्हा ‘अनॉन’ होता, मग ‘प्रेझेंटली’ आला, नंतर ‘इमीजिएटली’, ‘इन्स्टंटली’, ‘राइट अवे’ आले. ‘इमीजिएटली’ या शब्दाची लॅटिन घडण ‘मध्ये काहीही नसलेला’ अशी आहे. क्रिया आणि क्षण यांच्यामध्ये अंतर नाही, असे तो बजावून सांगतो. मराठीतील ‘लगेच’ या शब्दातही ‘लगत असणे, चिकटून असणे’ हीच कल्पना आहे.

कालवाचक शब्दांचे असे स्थलांतर गटागटाने होते, हे स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ गुस्ताफ स्टर्न यांनी इ.स. १९३१ च्या ग्रंथात दाखवून दिले. इंग्रजीतील ‘वेगाने’ या अर्थाची जी क्रियाविशेषणे इ.स. १३०० पूर्वीची आहेत, त्यांना पुढे ‘तत्क्षणी’ हा अर्थही प्राप्त झाला, असे त्यांनी पुराव्यांसह मांडले. काम वेगाने केले म्हणजे ते लवकर उरकते, हा त्यामागील दुवा आहे. मराठीत ‘त्वरित’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘घाईने, वेगाने’ असा असून आज तो ‘ताबडतोब’ या अर्थाने वापरला जातो. ‘पटकन ये’ या वाक्यातही वेग आणि तातडी एकमेकांत मिसळलेली आहेत.

७. ‘सध्या’ हा अर्थ आणि त्यावरील वाद

आता लाल रेघेच्या प्रश्नाकडे वळू. ‘या वेळी, सध्या’ हा ‘प्रेझेंटली’चा सर्वांत जुन्या अर्थांपैकी एक असल्याचे आपण पाहिले. सतराव्या शतकानंतर इंग्लंडच्या प्रमाण साहित्यिक भाषेत तो मागे पडला. परंतु स्कॉटलंडमध्ये आणि अनेक बोलींत तो चालूच राहिला आणि अमेरिकेतही टिकून राहिला. विसाव्या शतकात वृत्तपत्रे आणि कार्यालयीन लेखन यांतून तो पुन्हा ठळक झाला. भारतीय इंग्रजीतही हाच अर्थ अर्जांत, परिचयपत्रांत आणि बातम्यांत नित्य आढळतो.

या पुनरागमनाला शब्दाच्या पारदर्शकतेने मोठा हातभार लावला असावा. ‘प्रेझेंट’ म्हणजे वर्तमान हे ज्याला ठाऊक आहे, तो ‘प्रेझेंटली’चा अर्थ सहजच ‘वर्तमानात’ असा लावतो. ‘सून’ किंवा ‘अनॉन’ यांची घडण आज कोणालाच उमगत नाही. त्यामुळे त्यांना मूळ अर्थाकडे परतण्याची वाट उरली नाही.

तरीही विसाव्या शतकात अनेक लेखनमार्गदर्शकांनी हा अर्थ त्याज्य ठरवला. ‘लवकरच’ हाच खरा अर्थ, ‘सध्या’ ही चूक, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकन हेरिटेज शब्दकोशाने आपल्या सल्लागार मंडळापुढे ‘सध्या’ या अर्थाचे एक वाक्य ठेवले, तेव्हा निम्म्याच सदस्यांनी ते मान्य केले. दुसरीकडे मेरियम-वेब्स्टर कोशाने स्पष्टपणे नोंदवले, की हा अर्थ पंधराव्या शतकाच्या मध्यापासून अखंड वापरात आहे आणि त्यावर आक्षेप का घ्यावा, हे समजत नाही.

मग तुमच्या अर्जातील वाक्य चूक होते का? भाषाशास्त्राच्या दृष्टीने उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु हे उत्तर कोणत्या कारणाने द्यायचे, हे नीट समजून घ्या. ‘हा अर्थ सर्वांत जुना, म्हणून तो बरोबर’ असा युक्तिवाद कोणी करील. तो टिकणारा नाही. प्राचीनता हाच निकष मानला, तर ‘सून’ शब्दाचा ‘लवकरच’ हा अर्थही चूक ठरवावा लागेल. मूळ अर्थ हाच खरा अर्थ, या समजुतीला व्युत्पत्तिमूलक तर्कदोष म्हणतात. ‘सध्या’ हा अर्थ ग्राह्य ठरतो, तो सुशिक्षित समाज आज तो वापरतो आणि वाचक तो समजतो म्हणून. त्याचा इतिहास एवढेच सिद्ध करतो, की तो अर्वाचीन काळातील अडाणी शोध नाही.

व्यवहारात मात्र थोडी सावधगिरी योग्य ठरेल. ब्रिटिश इंग्रजीत वाढलेल्या वाचकाला हा प्रयोग खटकू शकतो. तेथे ‘अ‍ॅट प्रेझेंट’ किंवा ‘करंटली’ लिहिले, तर शंकेला जागा राहत नाही. बहुतेक वेळा वर्तमानकाळी क्रियापदच पुरेसे असते. एखादा प्रयोग चूक नसणे आणि तो त्या प्रसंगी सोयीचा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८. वाक्यात अर्थ कसा ठरतो?

तीन अर्थांचा शब्द वाचकाला फसवत का नाही? कारण वाक्यातील इतर घटक अर्थाची निवड करून देतात. पुढील खुणा ध्यानात ठेवा.

(१) क्रियापद वर्तमानकाळी आणि स्थितिवाचक असेल, तर अर्थ ‘सध्या’. उदा. ‘शी इज प्रेझेंटली द प्रिन्सिपॉल.’
(२) क्रियापद भविष्यकाळी असेल, तर अर्थ ‘थोड्याच वेळात’. उदा. ‘द ट्रेन विल अराइव्ह प्रेझेंटली.’
(३) कथनात क्रियापद भूतकाळी असेल, तर बहुधा ‘काही वेळाने’. उदा. ‘प्रेझेंटली ही स्टूड अप.’
(४) सोळाव्या-सतराव्या शतकातील संहितेत, विशेषतः आज्ञार्थात, ‘तत्क्षणी’ हा अर्थ प्रथम तपासावा.

या खुणा नेहमीच पुरतात असे नाही. ‘द कमिटी इज प्रेझेंटली मीटिंग द स्टुडंट्स’ या वाक्याचा विचार करा. इंग्रजीतील अपूर्ण वर्तमानकाळ निकट भविष्यासाठीही वापरतात. त्यामुळे समिती या क्षणी विद्यार्थ्यांना भेटत आहे, की थोड्या वेळाने भेटणार आहे, हे या वाक्यावरून ठरत नाही. पहिल्या अर्थाने वाचणारा विद्यार्थी धावत जाईल, दुसऱ्या अर्थाने वाचणारा निवांत चहा घेईल. सूचना, करार, नियमावली अशा लेखनात हा शब्द टाळावा, तो यासाठी. भाषांतर करणाऱ्याने तर आधी संहितेचा काळ आणि मगच कोशातील अर्थ पाहावा.

९. मराठीकडे पाहताना

‘प्रेझेंटली’चा आपण येथे केलेला अनुवाद ‘सध्या’ या शब्दाचा स्वतःचा इतिहास फार बोलका आहे. तो संस्कृत ‘सद्यः’ या अव्ययापासून आला. ‘सद्यः’ची घडण ‘त्याच दिवशी’ अशी असून संस्कृतात तो ‘तत्काळ, लगोलग’ या अर्थाने वापरला जातो. मराठीत मात्र ‘सध्या’ म्हणजे ‘हल्ली, चालू काळात’. ‘सद्यःस्थिती’ या सामासिक शब्दातही आपण हाच मराठी अर्थ घेतो. इंग्रजी शब्द ‘या वेळी’वरून ‘तत्क्षणी’ आणि तेथून ‘लवकरच’ असा गेला. आपला शब्द ‘तत्क्षणी’वरून ‘चालू काळात’ असा आला. म्हणजे हा क्षण, चालू काळ आणि निकट भविष्य हे तीन अर्थ शेजारी आहेत. त्यांच्यातील वाहतूक दोन्ही दिशांनी होऊ शकते. म्हणून येथे एखादा एकेरी नियम सांगण्याचा मोह टाळावा.

बोलण्यातील मराठी पाहिली तर फ्रान्सिसची आठवण येते. ‘आलोच’ असे म्हणणारा अजून आलेला नसतो, बऱ्याचदा निघालेलाही नसतो. भूतकाळी रूप वापरून तो क्रिया जणू पूर्ण झाल्याचे भासवतो आणि ऐकणाराही ते शब्दशः घेत नाही. ‘एवढ्यात’ हा शब्द तर दोन्ही बाजूंना पाहतो. ‘एवढ्यात येईल’ म्हणजे निकट भविष्य, ‘एवढ्यात भेट नाही’ म्हणजे निकट भूतकाळ. त्याशिवाय ‘एवढ्यात निघालात?’ यात ‘इतक्या लवकर’ असा तिसरा अर्थ आहे. येथेही निवड क्रियापदच करून देते. मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला हे शब्द का अवघड वाटतात, हे आता तुमच्या लक्षात येईल.

१०. सारांश

‘प्रेझेंटली’ हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. पंधराव्या शतकात त्याला ‘सध्या’ आणि ‘तत्क्षणी’ हे अर्थ होते. सोळाव्या-सतराव्या शतकांत ‘तत्क्षणी’ची तातडी उतरून ‘थोड्या वेळाने’ हा अर्थ आला. ‘सध्या’ हा अर्थ प्रमाण साहित्यिक भाषेत मागे पडला, तरी इतरत्र टिकला आणि विसाव्या शतकात पुन्हा पुढे आला. ‘सून’, ‘अनॉन’ आणि ‘बाय अँड बाय’ यांनीही ‘तत्क्षणी’कडून ‘नंतर’कडे असाच प्रवास केला. वचन आणि कृती यांच्यातील अंतर, तसेच नव्या पिढीचे प्रसंगांतून शब्द शिकणे, ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत. जुने लेखन वाचताना शब्द ओळखीचा वाटला, तरी त्याचा अर्थ त्या काळाला विचारावा. आणि कोणाच्या वाक्यावर लाल रेघ ओढण्यापूर्वी त्या शब्दाचा इतिहास एकदा उघडून पाहावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘प्रेझेंटली’च्या तीन अर्थांचा ऐतिहासिक क्रम दहा ओळींत मांडा.
२. अंजिराच्या झाडाच्या प्रसंगात ‘प्रेझेंटली’चा आजचा अर्थ घेतल्यास कोणती विसंगती निर्माण होते?
३. व्युत्पत्तिमूलक तर्कदोष म्हणजे काय? मराठीतील एका शब्दाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या घरी, कामाच्या ठिकाणी किंवा बाजारात आठवडाभर ‘आत्ता’, ‘लगेच’, ‘आलोच’, ‘एवढ्यात’ हे शब्द केव्हा वापरले जातात, याची नोंद ठेवा. शब्द उच्चारल्यापासून कृती होईपर्यंत किती वेळ गेला, तेही लिहा आणि त्यावरून प्रत्येक शब्दाचा आजचा अर्थ ठरवा.